रुपालीचं खारं पाणी

त्या पावसाळ्यात गंगाखेडला रुपालीच्या घरी जो कुणी यायचा, तो आधी टाकीकडं बघायचा आणि मग तिच्याकडं.

“मासे कुठायत?”

“अजून आणले नाहीत.”

“मग हे काय ठेवलंय?”

“पाणी.”

विचारणारा हसायचा. रुपालीला मात्र हसू यायचं नाही. अडीच फुटी काचेची टाकी, वर निळसर दिवा, आत हैदराबादहून आणलेले ओबडधोबड दगड आणि पाणी ढवळत राहणारा छोटा पंप. आषाढ संपत आला तरी टाकीत एवढंच होतं. त्यात दगडांवर चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी थर बसायला लागला होता. सकाळी तिनं ब्रशनं घासून काढावा आणि संध्याकाळी कामावरून येऊन बघावं, तर तो पुन्हा तिथंच.

रुपाली गंगाखेडजवळच्या एका साखर कारखान्यात केमिस्ट होती. रस किती गोड, पाक किती घट्ट, मळीत किती साखर वाया चालली, हे सांगण्यात तिची वीस वर्षं गेली होती. तिचा नवरा शिवशंकर ठिबकचं सामान, पाईप आणि फवारणी पंप विकायचा. मुलगी प्रियांका बारावीच्या क्लाससाठी लातूरला गेली होती. घरात तिसरं माणूस म्हणजे सासूबाई, मनकर्णाबाई.

खाऱ्या पाण्याचं वेड रुपालीला मालवणात लागलं. काही वर्षांपूर्वी, कारखान्याचा हंगाम संपल्यावर, हे चौघं मे महिन्यात तिकडं फिरायला गेले होते. तोवर तिनं समुद्र पाहिला नव्हता. बोटवाल्यानं डोळ्यांवर काच बसवली, नळी दातात दिली आणि म्हणाला, “आता फक्त खाली बघा.” खाली जांभळी, पिवळी प्रवाळं होती. मासे तिच्या बोटांना घासून जात होते आणि तिला अजिबात भीत नव्हते. ठरलेली वेळ संपली तरी ती वर येईना. शेवटी शिवशंकर बोटीवरून ओरडला, “अगं, बाकीचे लोकं खोळंबलेत!” ती वर आली ती चिडूनच. जेवताना “मला अजून बघायचं होतं,” एवढंच म्हणाली.

प्रियांका लातूरला गेली आणि तिची खोली रिकामी झाली. शिवशंकरचा विचार तिथं पाईपांची बंडलं ठेवायचा होता.

“त्या खोलीत मी समुद्र ठेवणार हाय,” रुपाली म्हणाली.

शिवशंकरला वाटलं, थट्टा करायलीय. पण पुढच्या सुट्टीत ती रेल्वेनं हैदराबादला गेली आणि तिथल्या एका दुकानात टाकी, दगड आणि मिठाचं पोतं सांगूनच परत आली.

पहिली लढाई पाण्याची झाली. गंगाखेडचं बोअरचं पाणी म्हणजे बादलीला पांढरा थर चढवणारं. ते तसंच वापरलं तर प्रवाळ जगणार नाही हे तिला माहीत होतं, म्हणून तिनं मोरीजवळ फिल्टर बसवला. त्यातून चांगलं पाणी येई थोडं आणि वाया जाई जास्त. मनकर्णाबाईंना हे बघवेना.

“नळ आठ-आठ दिवसाला येतो आणि तू पाणी गटारीत सोडायलीस व्हय?”

“सोडत नाही आत्या. भांड्याला, फरशीला वापरू. कढीपत्त्याला घालू.”

ते खारवट पाणी पिऊन कढीपत्ता पिवळा पडला. त्याचा ठपकाही टाकीवरच आला.

दुसरी गोष्ट वाट बघण्याची. हैदराबादचा दुकानदार फोनवर एकच वाक्य म्हणायचा, “मॅडम, पानी पकने दो.” टाकीतली घाण पचवणारे जिवाणू दगडांत वाढले पाहिजेत, त्याआधी मासा सोडला तर तो आपल्याच घाणीनं मरतो, हे तिला पटत होतं. पण कारखान्यात ती ज्या जगात वावरायची, तिथं सकाळी घेतलेल्या नमुन्याचं उत्तर दुपारच्या आत मिळायचं. इथं ती रोज परीक्षानळीत पाणी घ्यायची, थेंब टाकायची आणि नळीतला हिरवा रंग, म्हणजे न पचलेली घाण, कालच्यासारखाच हिरवा असायचा. कुणाला काही विचारावं तर परभणी जिल्ह्यात असली टाकी दुसऱ्या कुणाकडं असल्याचं तिला माहीत नव्हतं. इंटरनेटवर माणसं भरपूर सांगायची. एक म्हणायचा दिवा कमी करा, दुसरा म्हणायचा वाढवा, तिसरा म्हणायचा, काहीच करू नका. हा तिसरा सांगणारा तिला सगळ्यात जास्त डोक्यात जायचा.

दसऱ्याच्या सुमारास एकदाचं पाणी पिकलं. ती पुन्हा हैदराबादला गेली आणि थर्माकोलच्या खोक्यात दोन मासे मांडीवर घेऊन आली. नारिंगी अंग, त्यावर पांढरे पट्टे. खोकं गाडीत हलू नये म्हणून तिनं परळीपर्यंत पाठ टेकली नव्हती. शिवशंकरनं दुकानातली ठिबकची बारीक नळी आणून टाकीचं पाणी थेंब-थेंब माशांच्या पिशवीत सोडून दिलं, म्हणजे माशांना नव्या पाण्याचा धक्का बसणार नाही. मासे टाकीत गेले. मनकर्णाबाई चष्मा लावून बराच वेळ बघत बसल्या आणि म्हणाल्या, “आता बरं दिसतंय बघ. नुसते दगड काय बघायचे माणसानं!”

दिवाळीनंतर कुरियरनं प्रवाळ आलं. एका दगडाच्या तुकड्यावर शर्टाच्या बटणाएवढी गोल-गोल तोंडं होती. ती उघडली की मधोमध हिरवी आणि कडेनं केशरी फुलं दिसणार होती. दुकानदारानं फोटो पाठवला होता, “एकदम बिगिनर का आइटम है मॅडम, ये तो मरताच नहीं.”

बटणं उघडली नाहीत.

पहिल्या दिवशी तिला वाटलं प्रवासाचा शीण असेल. मग वाटलं जागा बदलून बघू. दगड डावीकडं ठेवला, उजवीकडं ठेवला, दिव्याजवळ, सावलीत. एक-दोन बटणं अर्धी उघडायची आणि ती खोलीत पाऊल टाकेपर्यंत मिटायची. त्यातच एका सकाळी दोन माशांपैकी एक पंपाच्या मागं मरून पडलेला दिसला. अंगावर डाग नाही, जखम नाही. तो का मेला हे तिला आजतागायत कळलेलं नाही. तिनं पाण्याच्या सगळ्या तपासण्या केल्या आणि सगळी उत्तरं चांगली आली. याच गोष्टीनं ती जास्त पेटली.

“सगळं बरोबर हाय तर मग मरतंय कशानं?” ती शिवशंकरला म्हणाली.

“जीव हाय तो. मरतो कधी कधी.”

“हे उत्तर न्हाई.”

“अगं, मग मी काय मेलेल्या माशाला विचारू?”

ती दोन दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलली.

हंगाम सुरू झाला होता. कारखान्यात उसाच्या गाड्यांची रांग फाटकाबाहेर गेलेली, आणि ही प्रयोगशाळेत उभी राहून पाकाचे नमुने बघताना मनात बटणांचा हिशेब करायची. तिचा साहेब चंद्रभान एकदा म्हणाला, “मॅडम, तो टँक विकून टाका आणि घरी जाऊन झोपा. चेहरा बघा तुमचा.” तो भल्यासाठीच बोलला होता, पण तिला ते लागलं. उसाचं पाणी जिला कळतं तिला चार बादल्या समुद्राचं पाणी कळू नये, हे तिला सहन होत नव्हतं.

जानेवारीत पेडगावकडचे काही शेतकरी कारखाना बघायला आले. प्रयोगशाळेत त्यांना माहिती द्यायचं काम तिच्याकडं आलं. तिनं ब्रिक्स मीटर दाखवला. हातात मावणारी दुर्बिणीसारखी नळी. काचेवर उसाच्या रसाचा थेंब टाकायचा आणि उजेडाकडं धरून आत बघायचं, की रसात साखर किती ते पट्टीवर दिसतं. रंगनाथ नावाच्या एका शेतकऱ्यानं आत डोळा लावून बघितलं आणि विचारलं, “मॅडम, माझं एक रान खारवट हाय. त्यातल्या उसाचा आकडा ह्या मीटरवर लय भारी येतो. पण तुमी म्हणता साखर उतरत न्हाई. मग कोण खोटं बोलायलंय? तुमी का मीटर?”

सगळे हसले. रुपालीही हसली आणि सवयीनं सांगायला लागली, “मीटरला साखर कळत नाही, भाऊ. त्याला एवढंच कळतं की पाण्यात काहीतरी विरघळलंय. ते सगळं साखरच आहे असं धरून तो आकडा सांगतो. तुमच्या रानातल्या क्षारांनाही तो साखरच समजतो. साखर सोडून दुसरं काही मोजलं, की त्याचा आकडा...”

ती थांबली.

“आकडा काय, मॅडम?”

“खोटा येतो,” ती म्हणाली.

टाकीतलं मीठ ती पहिल्या दिवसापासून ब्रिक्स मीटरवरच मोजत होती. दुकानदारानं मिठासाठी वेगळा मीटर घ्या म्हणून चार वेळा सांगितलं होतं. तिला वाटलं, हा वस्तू गळ्यात मारायलाय. ज्या मीटरवर आपला हात बसलाय तो घरात असताना दुसरा कशाला? समुद्रात शंभराला साडेतीन भाग मीठ असतं, म्हणून मीटरवर साडेतीन आलं की ती मीठ टाकायचं थांबवायची. पोत्यावर लिहिल्यापेक्षा मीठ कमी लागायचं, तेव्हा तिला आपण काटकसर केल्यासारखं वाटायचं.

शेतकरी गेल्यावर तिनं वजनकाट्यावर मीठ तोललं, बरोबर साडेतीन टक्क्यांचं द्रावण केलं आणि थेंब काचेवर टाकला. मीटरनं चारच्या वर आकडा दाखवला. तिनं काच पुसून पुन्हा बघितलं. पुन्हा तेच. म्हणजे मीटर मीठ आहे त्यापेक्षा जास्त सांगत होता, आणि इतके महिने टाकीत मीठ बरंच कमी होतं. प्रवाळ अर्ध्या-मुर्ध्या समुद्रात तोंड मिटून जीव धरून बसलं होतं.

चंद्रभान बाजूलाच उभा होता. तिनं त्याला सांगितलं. तो म्हणाला, “हे आपण नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो की.”

“माहीत आहे मला,” ती म्हणाली आणि बाहेर जाऊन उभी राहिली. तिला दुसऱ्या कुणाचा राग येत असता तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी घरी येऊन तिनं काही केलं नाही. एकदम मीठ वाढवलं तर मासा आणि प्रवाळ दोन्ही जातील, म्हणून रोज थोडं-थोडंच वाढवायचं होतं. पुन्हा वाट बघणं. मिठाचा खरा मीटर मागवला. संक्रांत गेली, फेब्रुवारी लागला. एका रविवारी दुपारी मनकर्णाबाईंनी खोलीतून हाक मारली, “रुपाली! ये बघ, फुलली!”

कणकेचे हात तसेच घेऊन ती धावली. दगडावरची सगळी बटणं उघडली होती. हिरवा डोळा, केशरी कड, आणि कडेला बारीक केसांसारखी झालर पाण्यात हलत होती. ती जवळ गेली तरी मिटली नाहीत. तिनं प्रियांकाला व्हिडिओ कॉल लावला. प्रियांका म्हणाली, “मम्मी, दिसत नाहीये काही, तू रडतीयस आणि फोन हलतोय.”

पुढचे दोन महिने चांगले गेले. मग ऊन सुरू झालं.

परभणीकडचा मे महिना माणसालाच सोसत नाही. टाकीचं पाणी दुपारी तापायचं. तिनं खोलीत कूलर लावला, तर हवा दमट होऊन भिंतीला बुरशी आली. बाटल्यांत पाणी गोठवून टाकीत सोडायला लागली, तर फ्रीजमध्ये भाजीला जागा राहिली नाही. शिवशंकर एकदा फ्रीज उघडून म्हणाला, “माझं ताक कुठं ठेवू? माशाच्या शेजारी?”

मे सरता सरता एका दुपारी वादळ आलं. पाऊस थोडका, वारा मात्र असा की रस्त्यावरची बाभळ तारांवर आडवी झाली. गावाची लाईट गेली. घरच्या इन्व्हर्टरनं संध्याकाळपर्यंत पंप चालवला आणि मग तोही बसला. ढवळणं थांबलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लाईट नव्हतीच. मासा वरच्या थराला येऊन तोंड उघडमीट करत होता. बटणं घट्ट मिटली होती आणि बर्फाच्या बाटल्या संपल्या होत्या.

शिवशंकर दुकानातून एक नवा फवारणी पंप घेऊन आला, पाठीवर अडकवायचा, बॅटरीचा.

“ह्यात टाकीचं पाणी भरू आणि परत टाकीतच फवारू. हवा मिसळेल.”

“औषध नाही ना गेलेलं ह्यात?”

“अगं, खोक्याचं सील आता तुझ्यासमोर फोडतोय.”

मनकर्णाबाई पितळी तांब्यानं टाकीतलं पाणी काढून द्यायला लागल्या. रुपाली किंचाळली, “आत्या, तांब्या नको! प्लॅस्टिकचा मग घ्या!” त्या दचकल्या, पण तांब्या ठेवून मग घेतला. शिवशंकरनं पंप सुरू केला आणि पाण्याचा बारीक फवारा टाकीवर पडायला लागला. तेवढ्यात रुपालीची नजर पुढच्या तोटीवर गेली. ती पिवळी चमकत होती.

“थांबा! हे पितळ हाय का?”

“पितळच. चांगल्यातला पंप हाय.”

“पितळात तांबं असतं! तांब्यानं प्रवाळ मरतं! काढा ते बाहेर!”

“आता मला काय ठाऊक? तू कधी सांगितलंस?”

“सगळं मीच सांगायचं का? वर्ष झालं घरात टाकी हाय!”

शिवशंकरनं पंप खाली ठेवला. “वर्ष झालं ह्या घरात टाकीच हाय, आमी कुणी न्हाईच,” तो म्हणाला आणि चप्पल घालून निघून गेला.

रुपाली मगानं पाणी काढून उंचावरून टाकीत ओतत राहिली. मनकर्णाबाई तिच्या हातातून मग घ्यायच्या, थोडा वेळ ओतायच्या, परत द्यायच्या. दोघींचे खांदे भरून आले तेव्हा शिवशंकर परत आला. हातात प्लॅस्टिकची नळी आणि प्लॅस्टिकचीच तोटी होती. त्यानं पितळी तोटी काढली, नवी बसवली आणि पंप पाठीला लावला. दिवस मावळेपर्यंत तो टाकीसमोर स्टुलावर बसून होता. रानात कुणी एका जागी बसून फवारणी करावी तसा. अंधार पडता पडता लाईट आली.

मासा जगला. प्रवाळ नाही जगलं. बटणं उघडली नाहीत, आठवडाभरात एक-एक करून त्यांचा चिकट बुळबुळीत गोळा झाला आणि पाण्याला वास यायला लागला. ते उन्हानं गेलं, हवा कमी पडली म्हणून गेलं, की त्या थोड्या वेळच्या पितळानं, हे तिनं शिवशंकरला सांगितलं नाही. सांगण्यासारखं तिला माहीतही नव्हतं. तिनं दगड बाहेर काढून टूथब्रशनं घासला.

“विकून टाकू,” ती म्हणाली.

देवगाव फाट्यावर भगवानराव नावाचे एक गृहस्थ नवं हॉटेल काढत होते. शिवशंकरकडून त्यांनी पाईप नेले होते, त्यातून बोलणं झालं आणि ते टाकी बघायला आले. त्यांना ती आवडली. काचेवर टिचकी मारून बघितली, दिवा चालू-बंद करून बघितला.

“गल्ल्याच्या मागं झकास दिसंल. एवढं मिठाचं काय करायचं असतं?”

रुपालीनं सांगायला सुरुवात केली. फिल्टरचं पाणी, त्यात मीठ किती, आटलं की साधं पाणी घालायचं आणि मीठ नाही, कारण पाणी उडतं आणि मीठ मागं राहतं. लाईट गेली तर काय. पितळ का नको. भगवानराव मान हलवत होते. ती बोलायची थांबली तेव्हा ते म्हणाले, “ताई, आपण साधं बोअरचं पाणी घालू ना. रंगीत खडे टाकू. मोठाले गोल्डफिश सोडू. गिऱ्हाइकाला काय कळतंय खारं का गोडं?”

“आणि ह्याचं काय?” तिनं माशाकडं बोट केलं.

“एकच तर हाय. तुमी ठेवा की बादलीत.”

रुपाली म्हणाली, “चहा घेऊन जा, काका. टाकी द्यायची नाही.”

भगवानरावांनी शिवशंकरकडं बघितलं. शिवशंकरनं खांदे उडवले.

ते गेल्यावर तो म्हणाला, “तूच म्हणलीस ना विकायची? मी त्या माणसाला फाट्यावरून बोलावून घेतला!”

“म्हणले होते.”

“मग?”

“मग काय? तो बोअरचं पाणी घालायला निघाला होता. तुमी ऐकलं न्हाई का?”

“ऐकलं.”

“मग कशाला विचारायलात?” तिनं रिकामी बादली त्याच्या पायाशी आणून ठेवली. “पाणी बदलायचं राहिलंय. धरा एका बाजूनं.”

शिवशंकरनं बाह्या वर केल्या. आतून मनकर्णाबाईंचा आवाज आला, “फरशी ओली करू नका रे, आत्ताच पुसलीय.”